चौदा जणांचा ड्रमशेट

आमच्या ड्रमशेटच्या पोटावर पितळेचा एक बिल्ला आहे. त्यावर इंग्रजीत जे नाव कोरलंय, त्या नावाचा ड्रमचा कारखाना जगाच्या पाठीवर कुठंच नव्हता. ते नाव अमेरिकेतल्या एका व्यापाऱ्यानं ठरवलेलं. खाली बारीक अक्षरांत 'मेड इन जपान' आहे, तेवढं मात्र खरं.

१९६०च्या दशकात असे हजारो ड्रमशेट जपानमधून अमेरिकेला गेले. एकाच कारखान्यात एकसारखे तयार व्हायचे आणि बोटीत चढायच्या आधी ज्याची ऑर्डर त्याच्या नावाचा बिल्ला त्यांना ठोकला जायचा. जसं एकाच गुऱ्हाळातला गूळ वेगवेगळ्या पेढीच्या शिक्क्यानं बाजारात जावा, तसं. त्यामुळं अशा ड्रमची जात ओळखायची तर बिल्ला वाचून उपयोग नसतो. आत हात घालून लाकूड बघावं लागतं. आमच्या ड्रमची जात आम्हाला कळली ती दुरुस्तीला काढल्यावर, आणि ती कळल्यावरच त्याचा आवाज कसा सुधारायचा हेही कळलं. त्याची ही हकिकत.

आधी जपानचं सांगतो. दुसऱ्या महायुद्धात तो देश बेचिराख झाला होता. युद्ध संपल्यावर वर्षभरात, १९४६ साली, टोकियोच्या सुमिदा भागात कात्सुमी यानागिसावा नावाच्या माणसानं वाजवणाऱ्यापुढं नोटेशनचा कागद ठेवायचे स्टँड करायला सुरुवात केली. १९५० पासून तो ड्रमकडं वळला. तीच आजची 'पर्ल' कंपनी. नागोयातल्या होशिनो घराण्याचं मूळ दुकान पुस्तकांचं. १९०८ पासून ते वाद्यंही विकू लागले आणि साठच्या दशकात त्यांचे 'स्टार' नावाचे ड्रम बाहेर पडले. १९७४ साली त्याच घराण्यानं 'तामा' हे नाव घेतलं. तामा म्हणजे रत्न.

'यामाहा'ची गोष्ट तर आमच्या सुतारमामांना फार आवडली. आपल्याकडं यामाहा म्हटलं की मोटारसायकल आठवते. पण १८८७ साली तोराकुसू यामाहा हा हामामात्सू गावातल्या शाळेतला बिघडलेला ऑर्गन दुरुस्त करायला गेला आणि तिथून सगळी सुरुवात झाली. पेटी उघडली, आतली रचना बघितली आणि म्हणाला, हे मलाही करता येईल. पहिला ऑर्गन तयार झाल्यावर तो खांद्यावर घेऊन एका सोबत्यासह हाकोने घाट चढून टोकियोच्या संगीतसंस्थेत गेला. तिथल्या जाणकारांनी सांगितलं, 'आकार चांगला आहे, पण सूर बरोबर नाहीत.' हा गडी तिथंच राहिला, सुरांचं शास्त्र शिकला आणि परत येऊन दुसरा ऑर्गन केला. ड्रम मात्र या कंपनीनं फार उशिरा, १९६७ मध्ये करायला घेतले. सुतारमामा म्हणाले, ''म्हंजी हे बी रिपेरीवालंच की!''

आता अमेरिकेत ड्रमला एवढं गिऱ्हाईक कुठून आलं? ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स तिथल्या टीव्हीवर पहिल्यांदा वाजले. सात कोटींच्या वर लोकांनी तो कार्यक्रम बघितला. मागं उंचावर रिंगो स्टार बसलेला, पुढच्या ड्रमवर 'लुडविग' हे नाव. दुसऱ्या दिवसापासून घराघरातल्या पोराला ड्रम पाहिजे झाला. लुडविगला कारखाना रात्रंदिवस चालवावा लागला. पण तो ड्रम महाग. ज्या बापाला परवडत नव्हता त्याच्यासाठी जपानचा माल होता. दिसायला तसाच, तीच मोतिया नाहीतर चमकीची झळाळी, आणि किंमत पुष्कळ कमी. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन असा भाव बांधलेला होता, त्यामुळं जपानचा माल डॉलरवाल्याला स्वस्तच पडायचा.

स्वस्ताईचं दुसरं कारण लाकूड. लुडविगसारखे कारखाने मेपलसारखी कठीण लाकडंही वापरायचे. जपानी कारखान्यांनी लुआन वापरलं. हे फिलिपाईन्सच्या जंगलातलं लाकूड. त्या काळी जपान तिथून ओंडके आणून त्यांचं प्लायवूड करायचा. लुआनची पुष्कळशी झाडं आपल्या मध्य भारतातल्या सालवृक्षाच्या गोतावळ्यातली. पण साल कठीण आणि लुआन मऊ, हलकं, तांबूस. त्याचे पातळ थर चिकटवून गोल खोड करायचं आणि ते चेपू नये म्हणून आतून वर-खाली लाकडाचं एकेक कडं बसवायचं. आमच्या ड्रममध्ये टॉर्च मारला तेव्हा हेच दिसलं. तांबूस पातळ लाकूड आणि दोन्ही तोंडांना आतून फिकट कडं.

असला ड्रम सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात कसा आला? तर गिरणीमुळं आला.

आमच्या गावातली निम्मी घरं मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालायची. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, ते लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. एका खोलीत आळीपाळीनं झोपणारे गावचे चौदा जण होते. चाळीच्या गणपतीत त्यांची बँजो पार्टी वाजायची. बँजो, ढोलकी, खुळखुळा एवढाच संसार. १९७४ साली त्यांच्या मनानं घेतलं, की आपल्याकडं ड्रमशेट पाहिजे. सिनेमातल्या गाण्यात तो वाजत होता, आणि शेजारच्या चाळीत तो आलाही होता.

मुंबईत ही वाद्यं गोव्याच्या लोकांच्या हातात. सिनेमाच्या वाद्यवृंदात गोव्याचे ख्रिस्ती वादक आणि पारशी घरातले कावस लॉर्ड, त्यांचा मुलगा केरसी लॉर्ड अशी मंडळी होती. धोबीतलावच्या बाजूला गोव्यातल्या एकेका गावाचे 'कूड' असायचे. कूड म्हणजे बोटीवर जाणाऱ्या तारवटी लोकांची मुंबईतली उतरायची जागा. आमच्या गाववाल्यांच्या खोलीसारखीच, फक्त तिथं कोपऱ्यात क्रूस असायचा. अशाच एका कुडात एका तारवट्यानं अमेरिकेच्या बंदरातून जुना घेतलेला ड्रमशेट विकायला ठेवला होता. चौदा जणांनी प्रत्येकी पंचाहत्तर रुपये काढले, तेही तीन हप्त्यांत. एक हजार पन्नास रुपयांना सौदा झाला. आबा सांगायचे, ''हातगाडीवर घालून लालबागपतोर ढकलत आणला. सारी वाट पोरं मागं.''

लाल चमकीचा तो शेट. वीस इंची बास, बारा इंची टॉम, खाली उभा राहणारा सोळा इंची फ्लोअर टॉम आणि चौदा इंची लोखंडी पत्र्याचा स्नेअर. दोन झांजा आणि एक हायहॅट. आबा त्याच्यावर बसले, कारण साच्याच्या ठेक्यावर त्यांचे पाय आधीच चालायचे असं बाकीचे म्हणायचे. आठ वर्षं तो लालबाग-परळच्या मंडपांतून वाजला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्या उन्हाळ्यात आमच्या गावची माणसं एकेक करून एसटीनं परत आली. कुणाकडं ट्रंक, कुणाकडं वळकटी. ड्रमशेट एसटीच्या टपावर आला. चौदा जणांच्या खोलीची मुंबईतली सामाईक अशी तीच एक मालमत्ता उरली होती.

गावात तो अठरा-वीस वर्षं वाजला. चैत्रातल्या यात्रेत, गणपतीत, लग्नाच्या वरातीत. हलगी, संबळ, ताशा यांच्या पंगतीत तो जाऊन बसला आणि कुणाला परका वाटला नाही. मग भिंतीएवढे स्पीकर आले, डीजे आला. ड्रमशेट आमच्या गोठ्याच्या माळ्यावर गेला. वर कडबा, खाली म्हशी. पंधरा वर्षं चुलीचा धूर आणि पावसाळी ओल खात पडला.

२०१६ साली हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला तो हवा झाला. वाजवायला नव्हे, दारात जुनी बैलगाडी, जुनी सायकल ठेवतात तसा शोभेला. वीस हजार देतो म्हणाला. चौदातले तोवर पाचच जण राहिले होते. बाकीच्या नऊ घरांत पोरंबाळं. गावच्या पारावर बैठक बसली. तरण्या पोरांचं म्हणणं, विकू या, पैसे वाटून घेऊ, नायतर उंदीर खातील. त्यांचं चूक नव्हतं. एका घरात तर तेव्हा दवाखाना चालू होता, त्यांना चौदाशे-पंधराशेसुद्धा उपयोगी होते.

आबा तेव्हा सत्तरीत. साचाखात्यातल्या आवाजानं त्यांचा डावा कान तरुणपणीच गेला होता आणि उजवाही उतरत चालला होता. सगळ्यांचं ऐकून घेऊन ते म्हणाले, ''यात्रेपतोर मुदत द्या. वाजला तर गावात ठेवू. नाय वाजला तर इका. पर न वाजणारी वस्तू म्हणून इका, माझं काय म्हणणं नाय.'' मधे साडेतीन महिने होते.

मी आणि माझा पुतण्या, सुतारमामा आणि आबा, असे चौघं कामाला लागलो. पहिल्यांदा एका शहरातल्या वाद्यांच्या दुकानात टॉम घेऊन गेलो. दुकानदारानं टिचकी मारली आणि म्हणाला, हा हलका जपानी माल, यावर खर्च करू नका, नवीन घ्या. वाटेत आबा बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, ''त्यानं फाटक्या पानावर टिचकी मारली. खोडावर कुठं मारली?''

ढोलकीवाल्यांच्या बोलीत लाकडी अंगाला खोड म्हणतात आणि कातड्याला पान. आम्हीही तेच शब्द वापरले.

सगळे सुटे भाग काढले. पहिली बाब कडेची. पान जिथं खोडावर टेकतं ती कड ही ड्रमची खरी जागा. कड एकसारखी सपाट नसेल तर पान कुठं टेकतं, कुठं अधांतरी राहतं, आणि मग कितीही ताणा, आवाज फाटतो. जपानच्या त्या स्वस्त मालात नेमकी इथंच घाई झालेली असायची. किराणा दुकानाच्या काउंटरची जाड काच आणली, तिच्यावर खोड पालथं ठेवलं, आत टॉर्च लावला आणि खोलीत अंधार केला. कडेखालून दोन ठिकाणी उजेडाची फट दिसली. त्यातून पोस्टकार्ड सरकत होतं. म्हणजे हा ड्रम मुंबईतसुद्धा कधी पुरता सुरात लागलेला नव्हता. आबा वाकून बघत म्हणाले, ''तरीच. हितं ताणलं की तितं ढिलं व्हायचं.''

सुतारमामांनी कडप्पा फरशीवर पॉलिश पेपर चिकटवला. कडेवर पेन्सिलीनं सगळीकडून रेघा मारल्या आणि खोड फरशीवर हलक्या हातानं गोल फिरवायला सुरुवात केली. उंचवट्यावरच्या रेघा आधी पुसल्या जातात, खोलगट जागेतल्या राहतात. सगळ्या रेघा एकदम पुसल्या गेल्या की कड सपाट झाली. आधी ऐंशी नंबरचा पेपर, मग दीडशे, मग दोनशे वीस. मग आतल्या बाजूनं पंचेचाळीस अंशांचा उतार काढला आणि बाहेरची धार जराशी गोल केली. म्हणजे पान एका बारीक रेषेवर टेकतं आणि मोकळं थरथरतं. शेवटी कडेवर मेणबत्ती घासली, पान ताणताना सरकावं म्हणून. एका टॉमला तीन दिवस लागले.

आतली कडी दोन ठिकाणी सुटली होती. काहीजण अशी कडी काढूनच टाकतात. पण पातळ लुआन त्यांच्याच आधारानं गोल राहतं. फटीत सुताराचा पांढरा गोंद भरला आणि सायकलच्या ट्यूबनं बाहेरून आवळून, आतून पाचर मारून दोन दिवस ठेवलं.

दुसरी अडचण नव्या पानांची. जुन्या काळी ड्रमला वासराचं कातडं असायचं. ओल आली की ढिलं, ऊन पडलं की ताठ. आपल्या हलगीसारखंच, शेकल्याशिवाय बोलायचं नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चिक इव्हान्स आणि रेमो बेली यांनी मायलर प्लास्टिकची पानं बाजारात आणली आणि पावसाळ्याचा प्रश्न मिटला. आपल्याकडं त्याला फायबरचं पान म्हणतात. नवीन पानं आणली तर टॉमवर ती उतरेनात. खोड किंचित लंबगोल झालेलं, त्यात बाहेरचं चमकीचं आवरण कडेपर्यंत आलेलं. जोर लावून बसवली असती तर पान कडेवर मोकळं टेकलंच नसतं. आवरण कडेपासून बोटाच्या पेरापेक्षाही कमी, चार-पाच मिलिमीटर, कापून मागं घेतलं. पान आपसूक खाली बसलं.

ते आवरण सांध्याजवळ सुटलं होतं. सुतारमामा म्हणाले, जरा गरम करून चिकटवू. आबांनी त्यांचा हात धरला. त्या काळातली अशी आवरणं बऱ्याचदा सेल्युलॉइडची असायची. जुन्या सिनेमाच्या फिल्मा आणि टेबल टेनिसचे चेंडू ज्याचे व्हायचे तेच सेल्युलॉइड. ठिणगी लागली की भडकतं. थंड गोंद लावून, कापडाच्या पट्ट्यांनी आवळून काम केलं.

मग खडखड. ड्रमवर नुसती बोटं फिरवली तरी आतून 'झिंग' असा बारीक आवाज यायचा. पान ताणणारे स्क्रू ज्यात बसतात त्या धातूच्या पोकळ लगांच्या आत एकेक स्प्रिंग असते, ती ड्रमबरोबर गात असते. प्रत्येक लग काढून त्यात कापसाचा बोळा भरला. आवाज बंद. हा कापूस आबांनी स्वतः पिंजून भरला. गिरणीतला माणूस, कापूस हातात आल्यावर जरा वेळ गप्प होता. तीन स्क्रूंचे आटे गेले होते, ते गावाबाहेरच्या लेथवाल्यानं करून दिले. गंज तेलात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदानं घासून काढला.

स्नेअरच्या खाली तारांची जाळी असते, तिच्यानंच तो 'चर्र' बोलतो. जुन्या तारा वाकड्या झालेल्या. वीस तारांची नवी जाळी घातली. स्नेअरचं खालचं पान फार पातळ लागतं. वरचं पाव मिलिमीटरचं, तर खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. मागं कधीतरी गावात कुणीतरी खालीही जाड पान ठोकलं होतं, म्हणून वीस वर्षं तो ताशासारखा न वाजता डब्यासारखा वाजत होता.

झांजा मात्र हरल्या. त्या मूळच्याच पितळेच्या. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, ताटलीसारखं वाजतं. चांगली झांज काशाची लागते. त्यात शंभरात वीसेक भाग कथील असतं. आपल्या देवळातल्या झांजा आणि वारकऱ्यांचे टाळ काशाचे असतात ते उगीच नाही. एक जुनी काशाची मोठी झांज पुतण्यानं शहरातल्या एका वादकाकडून आणली. सगळ्यात मोठा खर्च तोच. एकूण हिशेब तेरा हजारांवर गेला.

आता सूर लावायचा होता. इथं आबांची गरज होती आणि इथंच आमची भीती होती, कारण त्यांना नीट ऐकू येत नव्हतं.

आबा म्हणाले, ढोलकीसारखंच आहे. तबलजी गजऱ्यावर हातोडी मारत गोल फिरतो आणि प्रत्येक घरात एकच सूर आणतो. ड्रममध्ये हातोडीच्या जागी चावी, एवढाच फरक. आधी सगळे स्क्रू बोटांनी सारखे आवळायचे. मग समोरासमोरच्या स्क्रूंना अर्धा-अर्धा आटा देत जायचं. एका बाजूनं क्रमानं आवळत गेलं तर पान तिरकं बसतं. मग प्रत्येक स्क्रूपाशी, कडेपासून दोन बोटं आत, काडीनं हलकं वाजवून बघायचं. मी आणि पुतण्या कानानं ऐकत होतो. आबांनी डावा तळहात खोडावर ठेवला आणि डोळे मिटले. एका ठिकाणी मी म्हटलं, बरोबर आहे. ते म्हणाले, ''न्हाई. हितं हाताला दोन लाटा लागत्यात. एकच लागाय पायजे.'' पाव आटा दिला. मग आम्हालाही फरक ऐकू आला.

पण ड्रमचा सूर तबल्यासारखा लागत नाही, आणि त्याचं कारण सी. व्ही. रामन यांनी शोधलं होतं. नुसतं ताणलेलं गोल पान वाजलं की मूळ सुराबरोबर जे वरचे सूर निघतात ते त्याच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे असतात. म्हणून त्याचा एक स्वच्छ सूर कानाला सापडत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या पानावर मधोमध शाई असते. तिच्या वजनानं हे वरचे सूर दुप्पट, तिप्पट असे हिशेबात येतात. रामन यांनी हे १९२० साली 'नेचर' नियतकालिकात मांडलं. आपल्या कारागिरांनी ते हातानं त्याच्या किती आधी साधलं होतं! ड्रमला शाई नाही, तर त्याच्याकडून षड्ज मागू नये. त्याच्याकडून मागायचं ते एवढंच, की पान सगळीकडं सारखं असावं आणि खालच्या-वरच्या पानांचं एकमेकांशी जुळावं. आम्ही खालचं पान वरच्यापेक्षा जरा चढं ठेवलं. त्यानं टॉमचा आवाज तुटक न राहता थोडा रेंगाळून उतरू लागला.

बासमध्ये आजीच्या जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळून, दोन्ही पानांना जेमतेम लागेल असा ठेवला. 'बूंऽऽ' अशी लांब घुमक गेली आणि छातीत बसणारा 'धप्' आला.

आणि मग त्या हलक्या म्हटलेल्या लाकडाचं काम कळलं. मऊ लुआन वरचा टोकदार आवाज फारसा परत देत नाही. खालचा गोल आवाज देतं. त्यामुळं हा ड्रम उंचावर ताणला की मरगळतो आणि जरा खाली ठेवला की घुमतो. नव्या महागड्या ड्रमसारखा कडक, चकाकता आवाज त्याच्यातून निघणार नाही. तो काढायला आम्ही गेलो असतो तर खोडात राळ भरावी लागली असती, कडी काढावी लागली असती आणि शेवटी ना हा राहिला असता, ना तो झाला असता. साठच्या दशकात जी घाई झाली होती ती आम्ही पुरी केली. लाकूड त्याचं त्यालाच राहू दिलं.

पुतण्याचं एक म्हणणं होतं, की नवीन लाल आवरण घालू, दिसायला झकास होईल. जुन्यावर बासच्या एका बाजूला करपल्याचा डाग आहे. लालबागच्या मंडपात उदबत्तीचं घर पडलं होतं त्याचा. दुसऱ्या बाजूला खिळ्यानं ओरखडलेली चौदा जणांची आद्याक्षरं. आवरण बदललं असतं तर आवाजात काहीच फरक पडला नसता. म्हणून ते तसंच ठेवलं.

यात्रेच्या रात्री पारासमोर शेट मांडला. हॉटेलवालाही आला होता, पैसे खिशात घेऊन. आधी हलगीवाल्यांनी सुरुवात केली, मग आबा बसले. सत्तरीचा माणूस, पेडलवर पाय ठेवायला दोनदा चाचपलं. हलगीचा ठेका त्यांना कितपत ऐकू येत होता कोण जाणे. पण हलगीवाल्या पोराच्या हाताकडं बघत त्यांनी बासचा पाय टाकला तो बरोबर समेवर. पाच-सात मिनिटं वाजवलं असेल. जुन्यांपैकी एक जण, ज्यांचे पाय आता चालत नाहीत, त्यांना खुर्चीवर उचलून आणलं होतं. ते वाजवणाऱ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होते आणि पायाचा अंगठा तेवढा हलत होता.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली ती दहा मिनिटांत उठली. विकायचं नाही असं ठरलं. दवाखाना चालू असलेल्या घराला त्यांच्या वाटणीचे पैसे गावानं वर्गणी काढून दिले, आणि त्यांचं नाव ड्रमवरून कमी करायचं नाही असंही ठरलं. तो मुद्दा पाराशी बसलेल्या एका तरण्या पोरानंच मांडला.

आबा पुढं तीन वर्षांनी गेले. तोवर त्यांनी गावातल्या सहा पोरांना आणि दोन पोरींना पान बदलायला आणि सूर लावायला शिकवलं. वाजवायला त्यानंतर. त्यांचा नियमच होता, ज्याला लावता येत नाही त्यानं काडी धरायची नाही. शेट आता शाळेच्या एका खोलीत असतो. उन्हाळ्यात पानं ढिली करून ठेवतात, पावसाळ्यात खोडाला आतून कोरड्या फडक्यानं पुसतात. चावी एकच आहे. ती ज्याच्याकडं असेल त्याचं नाव फळ्यावर लिहिलेलं असतं. परवा गेलो होतो तेव्हा तिथं सातवीतल्या एका मुलीचं नाव होतं. चौदातल्या एकाची ती पणती.